चौथा रहाट

चेरमनकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर. ऊन टळटळीत होतं आणि छत्री मिटलेली होती. माठातल्या पाण्याचा एक घोट त्यांनी तोंडात घोळवला, डोळे मिटले, गिळला आणि बाबांना म्हणाले, "डाक्तर, ह्ये पानी बाजारच्या बावीचं नाय. ह्ये नदीचं हाय. तुमच्या कंपाउंडरला बावीपरेंत चालायचा आलस आलाय."

कंपाउंडर दाराआड बाटल्या पुसत होता. तो आणखी जोरात पुसायला लागला.

पाण्याची चव हा काकांचा अभिमानाचा विषय. लोक आंब्याबद्दल बोलतात तसे ते पाण्याबद्दल बोलत. शेणव्याचं पाणी गोडं, डोळखांबचं दगडाच्या चवीचं, कल्याणचं "माणसांनी थकवलेलं". प्रवासाला निघताना स्वतःचा तांब्या बरोबर असे आणि छत्रीही असे. ती छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही, पावसातसुद्धा नाही. ती दाखवायला होती. रस्ता, गटार, दिव्याचा खांब, चुकार सभासद, सगळं ते तिच्या टोकानं दाखवत.

त्यांचं नाव गणपत. हिरड्याचा व्यापार, भाताची थोडी शेती. मुंबईला कायदा झाला, मुरबाडला पंचायत मिळाली आणि काका तिचे प्रमुख झाले. कायद्यात सरपंच असा शब्द होता, पण काकांना तो आवडला नाही. चेरमन म्हणजे ज्याची खुर्ची तो, इतकं इंग्रजी त्यांना येत होतं, आणि खुर्ची तर त्यांची स्वतःचीच होती. सभेला ती ते घरून आणवत. कायद्यानं गावाला पंचायत दिली होती, पंचायतीला दिवे, गटारं, कोंडवाडा, पाणी अशी कामं दिली होती. बसायला जागा मात्र दिली नव्हती. चावडी तलाठ्याची, शाळेत मुलं. म्हणून सभा आमच्या ओसरीवर भरे आणि मला खिडकीतून ऐकू येई.

मी तेव्हा पुण्याच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन घरी आले होते. माझं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं आणि ते ऐकून बायका तोंडाला पदर लावत. त्यामुळे मी बोलण्यापेक्षा खिडकीशी उभी राहणं पसंत करी. काकांनी माझा उपयोग लगेच शोधून काढला. ठाण्याहून पंचायतीला येणारी पत्रं इंग्रजीत असत. ते ओसरीवर बसत, मी खिडकीच्या आत उभी राहून वाचत असे आणि मराठीत सांगत असे.

"सावकाश वाच, बाय. सरकार काय पलून नाय जात."

मोठा शब्द आला की काका छत्री उचलत. मी म्हणाले, 'रहिवासी', की ते विचारत, "म्हंजे कोन कोन?" मी म्हणाले, 'संबंधित अधिकारी', की पुन्हा, "म्हंजे कोन कोन?" त्यांना शब्दामागची माणसं दिसायला हवी असत, दिसली नाहीत तर ते पुढच्या ओळीवर जाऊ देत नसत. एकदा 'स्थानिक स्वराज्य संस्था' आली.

"म्हंजे कोन कोन?"

"तुम्हीच, काका. तुम्ही आणि तुमचे सभासद."

ते इतके खूश झाले की घरी जाताना रस्त्यातूनच ओरडले, "आयकलं का गो? मी संस्था हाय!"

काकी दारातून म्हणाल्या, "संस्थेला सांगा, गोठ्यात शेण पडलंय."

काकींचं आणि पंचायतीचं कधी जमलं नाही. त्याला कोंडवाडा कारण होता. मोकाट गुरं कोंडायचा अधिकार पंचायतीकडे आला, तेव्हा काकांनी दवंडी पिटवली आणि दुसऱ्याच दिवशी काकींची म्हैस शाळेच्या वाफ्यात सापडली. काकांनी ती स्वतः हाकत नेऊन कोंडली. संध्याकाळी काकी चरवी घेऊन कोंडवाड्यावर गेल्या. पहारेकरी म्हणाला, म्हैस पंचायतीच्या ताब्यात आहे, दूध कुणाचं ते ठरायचंय. बघायला गाव जमलं.

"दूध म्हशीचं हाय," काकी म्हणाल्या, "नि म्हस माझ्या बापानं दिलीय. पंचायतीच्या बापानं नाय."

काकांनी म्हैस सोडवायचा दंड रीतसर भरला, पण त्या संध्याकाळचं दूध घरात येऊ दिलं नाही. ते दवाखान्यातल्या रोग्यांना पाठवलं. पुढे कितीतरी दिवस काकी त्यांना कोरा चहा देत. "सरकारी चहा" असं काका त्याला म्हणत आणि ओसरीवर येऊन आमच्याकडे दुधाचा पीत.

दुसरी गंमत दिव्यांची. सरकारनं रस्त्यावरच्या रॉकेलच्या दिव्यांसाठी ग्रँट दिली. ग्रँट हा शब्द काकांना देवाच्या प्रसादासारखा वाटे. ते तो दोन्ही हात जोडल्यासारखा उच्चारत. पण प्रत्येक ग्रँटच्या शेपटीला अट असे. इथली अट अशी की चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत, तेल वाया जातं. उन्हाळ्यात ठीक होतं. श्रावणात पौर्णिमा आली, आभाळ काजळासारखं, आणि दिवे बंद. नारायणशेठ किराणावाले, पंचायतीतले दुसऱ्या क्रमांकाचे गृहस्थ, देवळातून परतताना गटारात गेले. दुसऱ्या दिवशी लंगडत सभेला आले.

"चेरमन, काल काय होतं?"

"पुनव."

"मग मला चंद्र का दिसला नाही?"

"कायद्यात व्हता. आभाळात नवता." मग खिडकीकडे वळून, "बाय, लिव सायबाला. चंद्राला मुरबाडची अट कलवावी, नाय तर आमाला पावसालाभर दिवे लावू द्यावे."

मी पहिला पर्याय गाळून दुसरा लिहिला. मंजुरी आली ती दिवाळीनंतर, तोपर्यंत पाऊस गेला होता. काकांनी तेल जपून ठेवलं आणि पुढच्या श्रावणात पौर्णिमेला सगळे दिवे लावून गावातून छत्री फिरवत गेले.

बाजारापाशी पायऱ्यांची जुनी विहीर होती, तिला सगळे बाव म्हणत. बायका पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून हंडे भरत, आणि त्या पाण्यातून गावात नारू होई. पायातून सुतासारखा किडा निघतो. बाबा तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत. घाई केली तर तुटतो आणि पाय सडतो. आमच्या अंगणात अशी माणसं पाय पसरून बसलेली असत. त्यात खालच्या वाड्यातली धोंडाबाय होती.

खालच्या वाड्यातल्या माणसांना गाव शिवून घेत नसे, आणि त्यांना बावीवर उतरायची बंदी होती. धोंडाबाय काठापासून लांब उभी राहून हाक मारी, "पानी वाढा गो!" कुणी दया येऊन वरून तिच्या मडक्यात ओतलं तर पाणी, नाही तर उभं राहणं. ती हाक आमच्या घरापर्यंत ऐकू येई. सकाळी सुरू होई आणि कधी कधी आमची जेवणं झाली तरी चालूच असे.

एकदा मी पत्र वाचत असताना तिनं अंगणातूनच काकांना विचारलं, "चेरमन, बावीत पाय तुमच्या बायका घालतात, नि नारू मला. ह्ये कसं?"

"तूबी त्येच पानी पेतेस."

"पेते, कुनी वाढील तवा. नारू मातर न वाढता गावला."

काका हसले नाहीत. छत्रीचं टोक जमिनीवर ठोकत राहिले.

त्याच सुमारास विहिरींच्या ग्रँटचं पत्र आलं. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाट बसवा. निम्मा भार सरकार उचलेल, निम्मा गावानं दगड, चुना, गाड्या आणि अंगमेहनतीनं उचलायचा. बाबा आनंदानं ओसरीवर आले. काका तर उठून उभेच राहिले. मग मी अट वाचली आणि सांगितलं, "विहीर सार्वजनिक राहिली पाहिजे."

"सार्वजनिक म्हंजे कोन कोन?"

"सगळे."

"सगले म्हंजे कोन कोन?"

मी खिडकीचा गज धरला. "खालच्या वाड्यातलेसुद्धा. त्यांनी स्वतः पाणी काढायचं."

"मंग सरकारनं तसं लिवावं ना," काका म्हणाले. "सार्वजनिक कशाला लिवतात? आमाला वाटतं गनपती."

काका सुधारक होते असं कुणी समजू नये. खालच्या वाड्यावरून आले की ते दारात पाय धूत, मी पाहिलं आहे. त्यांना विहीर हवी होती, तिच्यावर आपल्या नावाचा दगड हवा होता, आणि बाबा काडीवर नारू गुंडाळत ते त्यांना बघवत नसे. पण आता ओसरीवर प्रश्न एकच उरला होता: धोंडाबायच्या हातात दोर येणार की नाही.

सभा झाली. इतकी गरम सभा त्या ओसरीनं पाहिली नसेल.

"विहीर पाहिजे," नारायणशेठ म्हणाले. "ग्रँट पाहिजे. अट नको."

"ग्रँट अटीसकट येते, शेठ. म्हस शेपटीसकट येते तशी."

"मग ग्रँट परत करा."

"नि विहीर कशानं बांधू? तुमच्या गुलानं?"

"गाव हे चालू देणार नाही, चेरमन."

"गाव म्हंजे कोन कोन?"

नारायणशेठनी आपल्यासह चार-पाच नावं घेतली आणि थांबले. काका वाट बघत राहिले. आणखी नावं आली नाहीत, पण ती चार-पाच घरंच गाड्या आणि बैल देणारी होती, हेही काकांना ठाऊक होतं. त्यांच्याशिवाय दगड आला नसता.

तोड काढली नारायणशेठनीच. विहिरीला चार बाजू, चार रहाट. तीन गावाचे, चौथा खालच्या वाड्याचा. विहीर एक, म्हणजे अट पाळली. दोर वेगळे, म्हणजे विटाळ टळला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं काका विचारतील, म्हंजे कोन कोन. त्यांनी विचारलं नाही.

"चालंल," म्हणाले. "त्यांचा रहाट कुठं बसवू?"

"आडबाजूला कुठंतरी."

काकांनी ओसरीवरूनच छत्री उचलली. "त्या बाभलीच्या अंगाला देऊ. लांब हाय, वाटेवर नाय. बरं ना?"

बाभळीची बाजू सर्वांना पसंत पडली. मी खिडकी लावून घेतली. मला त्या दिवशी काका आवडले नव्हते.

काम सुरू झालं. जुनं पाणी उपसलं, गाळ काढला. विहीर उपसलेली असताना काका एक दिवस काळा कोट घालून शिडीवरून तळाशी उतरले आणि तांब्या भरून वर आले, कोट चिखलानं माखलेला. काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "संस्था गटारात पडली."

कठडा झाला, नावाचा दगड बसला, चारी रहाट बसले. साहेब हिवाळ्यात तपासणीला आले, बाभळीच्या रहाटावर धोंडाबायला पाणी ओढताना पाहून खूश झाले आणि काम मंजूर करून गेले. तिचं मडकं तिच्या हातानं भरत होतं, हे खरं. बाकीच्या बायका मात्र ती आली की आपल्या रहाटावरून दोन पावलं मागे सरत. पण पायऱ्या गेल्या, आणि पुढच्या वर्षापासून आमच्या अंगणातले पसरलेले पाय कमी झाले.

मग पुढचा वैशाख आला, फार कडक. एका सकाळी बाजाराच्या बाजूनं विचित्र आवाज यायला लागला. पोहरा दगडावर आपटल्याचा, खण्ण. कंपाउंडरची बायको म्हणाली, "चला बघू," आणि मी तिच्यामागे गेले.

विहिरीचा तळ उतरता होता. पाणी आटत आटत एका कोपऱ्यात गेलं होतं, जिथं झरा होता. तो कोपरा बाभळीचा. गावाच्या तिन्ही रहाटांखाली कोरडा खडक होता. चौथ्याखाली स्वच्छ, गार, हंडाभर खोल पाणी, आणि कठड्याशी धोंडाबाय दोर हातात धरून उभी.

नारायणशेठची सून हंडा घेऊन बाभळीच्या बाजूला वळली.

"हां हां, शेठाणी," धोंडाबाय म्हणाली, "लांब. ह्यो रहाट आमचा. पंचायतीनं ठरवलाय. हंडा थितंच ठेवा नि हाक मारा, मी वाढतें."

मागून एक तरुण पोरगी फिस्कन हसली आणि तिच्या सासूनं तिला कोपरानं ढोसलं. नारायणशेठ आले, आणखी दोन सभासद आले. रहाट हलवा, दोर बदला, असं सुरू झालं. कुणीतरी काकांना बोलावलं. ते छत्री आणि तांब्या घेऊन आले, इतके सावकाश, जसे हिरड्याचा भाव विचारायला निघालेत.

"चेरमन, रहाट हलवा," नारायणशेठ म्हणाले.

"हलवू. पन मंग सायबाला कलवावं लागंल. कागदात काय व्हतं, बाय?"

गर्दी माझ्याकडे वळली. एवढ्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटला. "सार्वजनिक."

"म्हंजे कोन कोन, शेठ?"

शेठ बाभळीकडे बघत राहिले.

काका कठड्यापाशी गेले. धोंडाबायनं त्यांच्या तांब्यात ओतायला पोहरा तिरका केला. "वाढू नको," ते म्हणाले. "दोर दे इकडं." तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग दोर सोडला. ओला दोर तिच्या हातातून त्यांच्या हातात गेला. त्यांनी पोहरा सोडला, ओढला, तांब्या भरला, घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटले.

"बावीचंच पानी हाय," ते म्हणाले. "काय बदललं नाय."

तरीही कुणी पुढे येईना. तेवढ्यात काकी गर्दीतून हंडा घेऊन घुसल्या. "चवी घेऊन झाल्या असतील तर सरका. चुलीवर भात ठेवलाय, करपतोय माझा." त्यांनी काकांच्या हातातून दोर ओढून घेतला. त्यांच्यामागे ती हसलेली पोरगी आली, मग तिची सासू. धोंडाबाय बाजूला उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "अगो, पोहरा तिरपा सोड. कधी पानी वढलं नाय काय?"

सगळं गाव त्या दिवशी बदललं असं मी लिहिणार नाही. नारायणशेठच्या घरी पाऊस पडेपर्यंत बैलगाडीनं नदीचं पाणी येत राहिलं. पावसाळ्यात विहीर भरली तेव्हा काही बायका आपापल्या रहाटावर परतल्या. धोंडाबाय मात्र जो रिकामा दिसेल त्याला दोर टाकी, आणि ते कुणी थांबवलं नाही. ती हाक आमच्या घरापर्यंत पुन्हा आली नाही.

पुढच्या निवडणुकीत काका पडले. नारायणशेठ निवडून आले, पण लोक त्यांना 'नवे चेरमन' म्हणत. काकांनी खुर्ची घरी नेली. नव्या चेरमननी बाक आणवला.

मी मुरबाड सोडलं तेव्हा लढाई चालू होती. मी मुंबईला का निघाले, त्याचा इथं संबंध नाही. पेट्रोल मिळत नव्हतं, कल्याणची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढावर उतारूंना ढकलायला उतरवत असे. मी खिडकीशी बसले होते. काका बाजारातून आले, आणि झाकण लावलेला पितळी तांब्या त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला.

"मुंबईचं पानी पिऊन तोंड चव इसरायच्या आधी हे पी."

इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न मी त्या दिवशी विचारला. मोटार धूर सोडत होती, त्यामुळे धीर आला असेल.

"काका, तुम्ही विहिरीत उतरलात ते सभेनंतर. पण झरा बाभळीच्या अंगाला आहे, हे सभेच्या आधीपासून माहीत होतं का तुम्हाला?"

त्यांनी छत्री जमिनीवर टेकवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"माहीत म्हंजे," ते म्हणाले, "कोना कोनाला?"

मोटार हलली. मी मान बाहेर काढून पाहिलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, काळा कोट, मिटलेली छत्री वर धरलेली, ड्रायव्हरला पुढचा रस्ता दाखवल्यासारखी. मग एकदम काहीतरी आठवून ते मोटारीमागे चार पावलं धावले.

"बाय! तांब्या संभाल गो! चढावर गाडी तापली का ह्यो डायवर मागंल. देऊ नको. इंजिनात घालील!"

ड्रायव्हरनं चढावर मागितलं. मी दिलं नाही.